साधनावहिनींनी सहल काढली

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता साधना नेवाळकरांच्या फोनवरून ‘गार्डन सख्या’ ग्रुपवर एक लिंक आली. उन्हाळ्याच्या सहलीसाठी गोड्या पाण्याच्या तळ्यांचे उत्तमातले उत्तम किनारे, अशा मथळ्याचं इंग्रजी पान होतं. त्यात वावगं काही नव्हतं. साधनावहिनी कित्येक वर्षं दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या बायकांना असल्या लिंका पाठवत आल्या होत्या. अडचण एवढीच होती, की त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

फोन त्यांच्या नवऱ्याच्या, उपेंद्रच्या हातात होता. घरातली वीज, इंटरनेट, गॅस, सगळं साधनाच्या नावावर होतं आणि प्रत्येकाचा ओटीपी तिच्याच फोनवर यायचा. नाव बदलून घ्यायला तो एकदा गेला होता. काउंटरवरच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की खातेदाराला स्वतः घेऊन या. उपेंद्रने ‘बरं’ म्हटलं आणि घरी आला. तेव्हापासून तो दोन फोन चार्ज करायचा.

त्या दिवशी विजेचं बिल भरता भरता साधनाने कधीतरी उघडून ठेवलेलं हे पान त्याला दिसलं. पान स्वतःच्या फोनवर पाठवावं म्हणून त्याने बाण दाबला आणि सगळ्यात वरचं नाव दाबलं. चष्मा स्वयंपाकघरात होता. सगळ्यात वर उपेंद्र नव्हता, सख्या होत्या. एकोणीस वर्षांच्या संसारात आपण कितव्या नंबरवर होतो हे त्याला असं कळलं.

त्या पानाचं त्याला काम होतं, ते असं. साधना सावंतवाडीची. गावाच्या मधोमध तळं, त्याच्या काठाने ती शाळेत गेलेली. दुबईच्या समुद्राशी तिचं कधी पटलं नाही. बाहेर आलं की अंगाचा पापड होतो म्हणायची. दर उन्हाळ्यात तिचं एकच असायचं, इथं कुठं गोडं पाणी असेल तर मला एकदा न्या. आणि दर उन्हाळ्यात उपेंद्र म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्ष आलं होतं. शनिवारी तिचं वर्षश्राद्ध होतं. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला, त्यामुळे देशात जाता येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं, म्हणजे करणारा तोच. गुरुजींनी फोनवर सांगितलं, की घरच्या बादलीत तर्पण केलं तरी पोचतं. पण एकोणीस वर्षं टाळून शेवटी बादली दाखवायची, हे उपेंद्रला बरं वाटेना. गोड्या पाण्याच्या काठावर एकट्याने जायचं, तिला तीन ओंजळी पाणी द्यायचं आणि परत यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

लिंक गेल्यावर तीन मिनिटं ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग मार्चमध्ये राहायला आलेल्या संजनाने अंगठा दाखवला आणि लिहिलं, ‘आम्ही दोघं नक्की. साधना, तुमचा फ्लॅट कोणता?’ त्यानंतर कोणीतरी रडणारा चेहरा टाकला, कोणीतरी हात जोडले. उपेंद्रने मेसेज पुसायचं ठरवलं, पण मग साधनाने मेसेज पुसला अशी ओळ दिसली असती. ते त्याहून वाईट.

साडेसातला बेल वाजली. गाऊनवर ओढणी घेतलेली मुग्धा कीर्तने दारात उभी होती. ती खालच्या मजल्यावरची, साधनाचा उजवा हात.

“भाऊजी, वहिनींचा मेसेज आलाय.”

“चुकून गेला.”

“त्यांच्याकडून?”

“माझ्याकडून.”

इथे खरं सांगून टाकायला हवं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण उपेंद्रला माणसं ओळखता यायची. श्राद्ध म्हटलं की मुग्धा आधी गुरुजी आणणार, मग आचारी, मग भजनी मंडळ. म्हणून तो म्हणाला, की शनिवारी जरा कुठंतरी पाण्यावर जाऊन यावं असं वाटलं, बस.

मुग्धाचे डोळे भरून आले. वर्षभरात हा माणूस ऑफिस आणि सुपरमार्केट यांच्यापलीकडे गेला नव्हता. तिने डोळे पुसले, जिना उतरली आणि खाली पोचेपर्यंत चार घरांत सांगितलं, की भाऊजी बाहेर पडतायत, त्यांना एकटं सोडायचं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला धरून सतरा जण झाले.

पुढची सूत्रं मुग्धाच्या नवऱ्याने, सुजीतने घेतली. सुजीत मालवाहतुकीच्या कंपनीत होता आणि घरातलं दूधही शेड्यूल लावून आणायचा. त्याने आधी ते पान वाचलं. त्यातली तळी सगळी अमेरिकेत आणि कॅनडात होती. मग त्याने इथली शोधली. एका धरणावर होड्या चालत होत्या, पण पाण्यात उतरायला बंदी होती. दुसरं तळं पक्ष्यांसाठी राखलेलं होतं. तिसरं बदामाच्या आकाराचं होतं आणि तिथे नवी जोडपी फोटो काढायला जात.

“मग राहू दे,” उपेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशा होती. बदामाचं तर बदामाचं, तो एकटा जाणार होता.

“अहो दादा, काहीतरी काय. खैरुद्दीनला कॉल केलाय मी. सॉर्टेड.”

खैरुद्दीन हा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला मिनीबसवाला. त्याने सांगितलं, की साब, लहबाब के आगे एक फार्म है, मीठा पानी, बीच भी है, घोडा भी है. माणशी चाळीस दिरहम. सुजीतने लगेच मोठ्याने हिशेब केला, म्हणजे जवळजवळ हजार रुपये, एवढ्यात गावाकडं तळ्यासकट म्हैस येते. येत नव्हती, पण कोणी अडवलं नाही.

शनिवारी पहाटे पाचला बस निघाली. जुलै होता, त्या वेळीही बाहेर पस्तीस अंश होते. उपेंद्रच्या मांडीवर निळा कूलर होता. त्यात वर बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या, आणि खाली काळ्या तिळांचा डबा, दर्भाची जुडी, तांब्या आणि पंचा. तर्पण होईपर्यंत त्याला काही खायचं नव्हतं. तेवढं लपवणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं.

पहिल्या सिग्नलला मुग्धाने उपमा पुढे केला. त्याने नको म्हटलं. दुसऱ्याला थालीपीठ आलं, तेही नको म्हटलं. वहिनी गेल्यापासून भाऊजी नीट जेवत नाहीत, असं मागच्या सीटपर्यंत पोचलं. तेव्हा त्याने पित्ताचं निमित्त काढलं. संजनाने लगेच पर्समधून गोळी काढली. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती, म्हणून पुन्हा उपमा आला. शेवटी त्याने झोपेचं सोंग घेतलं. त्याला गाढ झोप लागलीय असं समजून लोकांनी हळू आवाजात भेंड्या सुरू केल्या, आणि साधनावहिनी असत्या तर आवाज चढवला असता, असं मुग्धाने म्हटल्यावर त्या जोरात सुरू झाल्या.

फार्म वाळवंटाच्या मधोमध होतं. तळं होतं, हे कबूल करायला हवं. दोन बॅडमिंटन कोर्टांएवढं, कडेला सिमेंट, आणि एका बाजूला बाहेरून आणून पसरलेली पांढरी वाळू. वाळवंटात वाळू आणून टाकायची कल्पना ज्याला सुचली तो मोठा माणूस असणार. तीन बदकं होती. दोन प्लास्टिकचे माड होते. घोडा गेल्या उन्हाळ्यात विकला होता. एक पाटीही होती, पण उन्हाने तिच्यावरची अक्षरं उडालेली.

“गोडं आहे ना नक्की?” मुग्धाने विचारलं.

सुजीतने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, गुळणीसारखं फिरवलं आणि गिळलं. “एकदम पाचगणी,” तो म्हणाला. मग सगळे पाण्यात घुसले.

ही गर्दी पाण्यात रमली की पलीकडच्या टोकाला, काठावर वाढलेल्या बोरूच्या झुडपांआड जायचं, असा उपेंद्रचा बेत होता. कपडे बदलून तो कूलरपाशी आला. कूलर उघडा होता. मुग्धाची दहा वर्षांची ईश्वरी मोठ्या जगमध्ये लिंबू सरबत ढवळत होती आणि सरबतावर काळे ठिपके तरंगत होते.

“अंकल, आय फाउंड युअर चिया सीड्स,” ती म्हणाली. “आय पुट ऑल.”

पहिली फेरी वाटून झाली होती. संजना म्हणाली, की छान लागतंय, दाताखाली येतंय. उपेंद्रने रिकामा डबा उचलून पाहिला. जे तीळ साधनाला पोचायचे होते, ते सोळा जिवंत माणसांना पोचले होते.

निदान दर्भ असेल, म्हणून त्याने खाली हात घातला. दर्भही नव्हता. वाळूवर सुजीतने कोळशाची शेगडी पेटवली होती आणि तो समाधानाने तिला वारा घालत होता.

“दादा, तुम्ही ते सुकं गवत आणलंत ते बेस्ट केलंत. यल्ला, चला, पाच मिनिटांत कणसं.”

उपेंद्र प्लास्टिकच्या माडामागे गेला आणि गुरुजींना फोन लावला. तीळ संपले, दर्भ जळला, असं त्याने सांगितलं. गुरुजींनी काय झालं ते विचारलं नाही. परदेशातल्या यजमानांची त्यांना सवय होती.

“पाणी आहे ना?” ते म्हणाले. “मग झालं. पाणी तेवढं शुद्ध बघा.”

पाणी तर सुजीतने चाखून पाहिलं होतं. उपेंद्रने पंचा गुंडाळला, तांब्या काखेत धरला आणि बोरूच्या बाजूने पाण्यात पाय घातला. तेवढ्यात मुग्धाने पाहिलं. भाऊजी पाण्यात उतरले, असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघींनी व्हिडिओ सुरू केला. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने फोनवर दक्षिण दिशा काढली. दक्षिणेला, शेगडी सोडून आलेला सुजीत उताणा तरंगत होता. त्याला सरकायला कसं सांगायचं या विचारात उपेंद्र हात जोडून उभा राहिला, आणि सगळ्यांना वाटलं तो सूर्याला नमस्कार करतोय.

त्याच वेळी लांबून कोणीतरी गमबूट वाजवत पळत आलं. हातात लांब दांड्याची जाळी होती.

“ओ साहेब. ओ ताई. भाईर या आधी.”

भाषा ऐकून सगळे थांबले. हा केरू, पाटण तालुक्यातला, सहा वर्षं या फार्मवर झाडं आणि बदकं सांभाळणारा.

“पाण्यात उतरत्यात व्हय कुणी? ह्ये झाडांचं पाणी हाय.”

“झाडांचं म्हणजे?” सुजीत उताणाच होता.

“ड्रेनेजचं, साहेब. प्लांटमधनं साफ करून येतं, वास न्हाई मारत. पण शेवटी ड्रेनेजच की.”

सुजीत इतका चटकन उभा राहिला, की बदकं उडाली. पुढच्या दोन मिनिटांत तळ्यात चिटपाखरू राहिलं नाही. बायका पोरांना ओढत बसकडे पळाल्या. सुजीतने मिनरल वॉटरच्या चार बाटल्या गुळण्यांत संपवल्या आणि पाचवी डोक्यावर ओतली. खैरुद्दीन शांतपणे म्हणत होता, की मीठा बोला था साब, पीने का नहीं बोला था. कणसं शेगडीवर जळून गेली.

उपेंद्र तिथेच उभा होता. समोर सगळी दक्षिण मोकळी झाली होती. पाच दिवस ज्या एकांतासाठी तो खोटं बोलत होता, तो मिळाला होता, आणि पाणी हे असं होतं.

केरू काठावर बसला. “तुमी न्हाई येणार भाईर?”

“मला थोडं काम आहे.” मग त्याने विचारलं, “कुठून येतं हे पाणी?”

“जबल अलीच्या तिकडनं. रोज टँकर येतो. त्या गार्डनच्या बिल्डिंगा हायत की, लाइनीनं. तिकडचं.”

“डिस्कव्हरी गार्डन्स?”

“त्येच. टँकरवाला म्हणतो, लई पाणी वापरत्यात तिथली माणसं.”

उपेंद्र खाली पाण्याकडे बघत राहिला. साधना तांदूळ चार पाण्यांतून धुवायची. गॅलरी रोज धुवायची, खालून ओरडा झाला तरी. तिचं न्हाणं अर्धा तास चालायचं आणि तो बाहेरून घड्याळ वाचून दाखवायचा. ते सगळं पाणी कुठं जातं, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. ते इथं येत होतं. म्हणजे एकोणीस वर्षं ती गोड्या पाण्याचं तळं मागत होती, आणि तिच्यापरीने ते भरतही होती.

त्याला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदाच, आणि तेही ड्रेनेजमध्ये उभं राहून. हसता हसता त्याने श्राद्धाला घेतात तसं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि पहिली ओंजळ सोडली.

दुसरी सोडताना मागे पावलं वाजली. मुग्धा त्याला न्यायला आली होती. तिने जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते पाहिलं.

“आज तिथी आहे वहिनींची?”

त्याने मान हलवली.

“आणि सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर दोन बस लागल्या असत्या.”

मुग्धाने मनात मोजल्या, तीन लागल्या असत्या. मग त्याने तिला पाणी कुठलं आहे ते सांगितलं. तिने एकदा तळ्याकडे पाहिलं आणि ती बसकडे चालू लागली. तिकडे काय बोलणं झालं ते उपेंद्रला ऐकू आलं नाही. पण जरा वेळाने सोळाही जण वाळूवर येऊन उभे राहिले. सुजीत टॉवेल गुंडाळून पुढे झाला.

“केरू, हे फक्त डिस्कव्हरी गार्डन्सचंच ना? म्हणजे लेबर कॅम्पचं मिक्स नाही ना होत?”

“न्हाई साहेब,” केरू म्हणाला. “आमच्या कॅम्पाचं वायलं जातं. तुमचं तुमचंच हाय.”

सुजीतने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, की आपलंच आहे. त्यासरशी चेहऱ्यांवरचा ताण गेला. एकेक जण चप्पल काढून पाण्यात आला. मुग्धाने भराभर सांगितलं, तोंडाने काही म्हणायचं नाही, एक ओंजळ घ्यायची आणि सोडायची. संजनाने साधनाला कधी पाहिलंही नव्हतं, पण तिने दोन सोडल्या. उपेंद्रचा एकांत पुरता बुडाला. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. एकटं राहायची हौस त्याची होती. साधना कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही कुणाला तरी हाक मारायची.

तिसरी ओंजळ त्याच्या हातात होती, तेव्हा काठावरून केरूने विचारलं, “साहेब, मी पन सोडू का येक?”

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“आई गेली कोरोनात. तवा इमानं बंद हुती. भावानं केलं समदं, मी फोनवर बघितलं.” तो उठला, पण पाण्यात आला नाही. “न्हाई, तुमचं घरचं पाणी हाय म्हनून इचारलं.”

सुजीतने टॉवेल घट्ट केला, पाण्याकडे पाहिलं, आणि बायकोकडे पाहायचं टाळलं.

“आईचं नाव काय?” उपेंद्रने विचारलं.

“प्रभावती.”

“या. आधी नाव घ्यायचं, मग पाणी सोडायचं. मी सांगतो.”

केरूने गमबूट काढले. पहिलं पाऊल टाकताना तो पुन्हा थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “पन ताई, ड्रेनेजचंच हाय बरं का. मागनं आमच्या मालकाकडं तक्रार नको.”

“कसलं ड्रेनेज,” मुग्धा म्हणाली. “या तुम्ही. अहो सुजीत, जरा सरका की तिकडं, त्यांना दक्षिण मिळू दे.”

आणि सुजीत सरकला.